पाचट पेटवलं की बोंब, कंपनीनं जाळलं की टेक्नॉलॉजी?

दादा, कमेंट वाचली, झोंबली पण मजा पण आली. तुमचं म्हणणं असं की शेतकऱ्यानं पाचट पेटवलं की सगळे बोंबलतात, आणि कुपवाड एमआयडीसीत पेंट शॉपची वाफ जाळली की मी तिला थर्मल ऑक्सिडेशन (म्हणजे वाफ बंद चेंबरमधे तापवून पुरती जाळणं) म्हणून डोक्यावर घेतो. वर तुमचा सवाल, चिमणीतनं धूर दिसत नाही, मग संध्याकाळी थिनरचा वास कुठनं येतो?

आधी पाचटाचं. फडातलं पाचट वरनं वाळलेलं, खालनं ओलं, वारा लागेल तिकडं जळतं आणि बाकीचं नुसतं धुमसतं, म्हणून तर दोरीवरच्या कपड्यांवर काजळी येऊन बसते. ऑक्सिडायझरमधे, म्हणजे वाफ जाळायच्या त्या चेंबरमधे, वाफ आणि हवा नीट घुसळून साधारण ७६० ते ८७० डिग्रीला अर्धा ते एक सेकंद ठेवतात, मग थिनरमधल्या टोल्युईनच्या एका रेणूपासनं कार्बन डायऑक्साईडचे सात आणि पाण्याचे चार रेणू होतात, विषय संपला. तापमान पडलं, घुसळण कमी झाली की मात्र अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साईड बाहेर, म्हणजे तिथं तुमचंच खरं. इंधन जळतं ते वेगळं, म्हणून सिरॅमिक भरलेला आरटीओ, म्हणजे रीजनरेटिव्ह थर्मल ऑक्सिडायझर घेतात (गाड्यांचा आरटीओ नव्हे!), तो ९५ टक्क्यांपर्यंत उष्णता परत वापरतो.

सगळंच जाळून भागत नाही हेही खरं. मिथिलीन क्लोराईडसारखं क्लोरीनवालं सॉल्व्हंट असलं की हायड्रोजन क्लोराईड तयार होतो, मागं गॅस धुऊन काढणारा स्क्रबर पाहिजेच, नाहीतर पत्रे खाऊन टाकेल. फाउंड्रीच्या धुळीला तर जाळण्याचा उपयोगच नाही, तिथं धूळ कापडी पिशव्यांतनं गाळणारं बॅग फिल्टर. आणि तुम्ही विचारलं नाही पण खरी भीती स्फोटाची, टोल्युईन हवेत जेमतेम सव्वा टक्का झालं तरी भडका उडू शकतो, म्हणून प्रमाण त्याच्या पावपटीच्या आत ठेवतात आणि बर्नर पेटवायच्या आधी चेंबरमधनं ताजी हवा फिरवून घेतात.

आता वास. ही वाफ डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळं चिमणी साफ दिसते याला काही अर्थ नाही. माझा संशय बायपासवर, म्हणजे ऑक्सिडायझर टाळून वाफ थेट चिमणीत नेणाऱ्या वाटेवर. चेंबर तापेस्तोवर पेंटची लाइन सुरू होऊ नये म्हणून तिला आपोआप अडवणारं इंटरलॉक असतं, पण प्रॉडक्शनची घाई असली की कुणीतरी ते उडवून ठेवतं, बायपासची झडप म्हणजे डँपर उघडा आणि वाफ थेट वर. नाहीतर मग गॅसचं बिल वाचवायला सेटपॉइंटच, म्हणजे चेंबरला लावून ठेवलेलं तापमानच, खाली आणलेला. प्रदूषण मंडळाकडं तक्रार देताना नुसतं 'वास येतो' लिहू नका, तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टाका, आणि त्या वेळचा चेंबरच्या तापमानाचा चार्ट तपासा म्हणून स्पष्ट लिहा. आणि वास शिफ्ट सुरू होताना येऊन जातो का रात्रभर राहतो, तेवढं इथं कळवा, रात्रभर असेल तर नुसतं डँपरचं काम दिसत नाही.