पहिला खंड हाती नसला तर वाचूच नये का?

काल्पनिक राज्यांच्या महायुद्धांवर लिहिलेल्या कादंबरीमालिका वाचणाऱ्या तरुणांमध्ये एक विधान सतत फिरत असते: अशी मालिका पहिल्या खंडाच्या पहिल्या पानापासूनच वाचली पाहिजे, मधूनच शिरणाऱ्याला माणसे ओळखू येत नाहीत, रहस्ये आधीच फुटतात, आणि लेखकाने ठरवलेला क्रम मोडल्यामुळे त्याला खरी गोष्ट कळतच नाही. जिथे संपूर्ण संच दुकानात मिळतो, तिथे हा सल्ला निरुपद्रवी असेल. विदर्भातल्या आर्णी किंवा सिरोंचा तालुक्यातल्या एखाद्या गावात मात्र त्याचा अर्थ ‘वाचूच नका’ असा होतो, कारण तिथल्या मुलाच्या हाती लागतो तो नागपुरात सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांतून कोणीतरी आणलेला तिसरा खंड, आणि पहिला कधी मिळेल याची खात्री कोणालाच नसते.

पहिला आक्षेप माणसे ओळखण्याचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. शेकडो पात्रे, डझनभर घराणी आणि त्यांची जुनी वैरे एकदम अंगावर येतात, हे खरेच आहे. परंतु पहिल्या पानापासून वाचणारा या गोंधळातून सुटतो, हे गृहीतकच चुकीचे आहे. स्टीव्हन एरिक्सन यांची दहा खंडांची ‘मलाझन’ मालिका १९९९ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या पहिल्याच खंडात वाचकाला चालू युद्धात उभे केले जाते. साम्राज्य कोणाचे, शत्रू कोण, जादू कशी चालते, यातले फारसे काहीही आधी समजावून सांगितले जात नाही. तिथे पहिल्या खंडाचा वाचकही मधूनच आलेला असतो. उलट, अनेक मालिकांतले पुढचे खंड नवख्याला अधिक मदत करतात. जॉर्ज मार्टिन यांच्या, ‘गेम ऑफ थ्रोन्स’पासून सुरू होणाऱ्या मालिकेचा तिसरा खंड २००० मध्ये, चौथा २००५ मध्ये आणि पाचवा २०११ मध्ये आला. इतक्या वर्षांत जुना वाचकही विसरणार, म्हणून कोण कोणाचा मुलगा आणि कोण कोणाच्या बाजूने लढतो हे ओघात पुन्हा सांगावे लागते, शिवाय प्रत्येक खंडाच्या शेवटी घराण्यांची आणि त्यांतल्या माणसांची यादी दिलेली असते. ती यादी आधी वाचावी. एका कागदावर नाव, बाजू आणि ‘याला काय हवे आहे’ एवढ्या तीनच गोष्टी लिहीत जावे. युद्धकथेत माणूस त्याच्या वंशावळीपेक्षा त्याच्या हेतूवरून लवकर ओळखू येतो, आणि हेतू प्रत्येक प्रसंगात पुन्हा दिसतच असतो.

रहस्य फुटण्याचा आक्षेप मला तितकासा पटत नाही, आणि याबाबत आपल्याकडे फार जुना पुरावा आहे. महाभारताच्या भीष्मपर्वात संजय रणांगणावरून येतो आणि भीष्म पडल्याची बातमी धृतराष्ट्राला आधीच सांगून टाकतो; त्यानंतर मागे जाऊन पहिल्या दिवसापासूनचे युद्ध सुरू होते, आणि गीताही त्यानंतरच येते. म्हणजे सेनापतीचा अंत ठाऊक असलेला श्रोता दहा दिवसांचे युद्ध ऐकतो, आणि ते ऐकताना काय होणार यापेक्षा ते कसे घडले, कोणी टाळू शकले असते का, हा प्रश्न त्याला अधिक छळतो. चातुर्मासात विदर्भातल्या देवळांतून महाभारतावरचा श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ लावला जातो, त्याचे चौसष्ट अध्याय असतात, आणि निंदण-खुरपण आटोपून रात्री येणारी बाई ज्या दिवशी सवड मिळेल त्या दिवशीच्या अध्यायाला बसते. तिला कथा कळली नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तिला मूळ कथा आधीच ठाऊक असते, हे उत्तर यावर दिले जाईल आणि ते रास्तही आहे. पण ती ठाऊक झाली तीही अशीच, लहानपणी सुट्या तुकड्यांतून आणि शेजारी बसलेल्या आजीला विचारून.

लेखकाच्या क्रमाबद्दल थोडक्यात सांगतो. मार्टिन यांचा चौथा आणि पाचवा खंड बव्हंशी एकाच काळात घडतात. पात्रे दोन पुस्तकांत वाटली गेल्यामुळे चौथ्यात टिरियन, जॉन आणि डेनेरिस ही प्रमुख पात्रे जवळपास नाहीतच. जिथे छापील क्रम आणि घटनांचा क्रम एक नाही, तिथे क्रम मोडला म्हणून गोष्टच खोटी ठरते, हा निष्कर्ष टिकत नाही.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. मधून सुरू करणाऱ्याला एखाद्या मृत्यूचे दुःख पूर्ण लागत नाही, कारण त्या माणसासोबत त्याने आधीची हजार पाने घालवलेली नसतात, आणि ही उणीव सारांश वाचून भरत नाही. ती भरते मागे जाऊन, पहिला खंड मिळेल तेव्हा तो वाचून. आणि त्या वेळी शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला सुरुवातीच्या साध्या बोलण्यातही पुढच्या विश्वासघाताच्या खुणा दिसू लागतात, ज्या पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतात.

म्हणून माझी विनंती गावोगावच्या ग्रंथपालांना आहे. संच अपूर्ण आहे या कारणासाठी असा खंड कपाटात बंद ठेवू नये. तो मागणाऱ्याला द्यावा, शेवटची यादी कुठल्या पानावर आहे ते दाखवावे, आणि आधी तो वाचून गेलेल्यांनी केलेला नावांचा कागद असेल तर तो पुस्तकातच राहू द्यावा.