तुम्ही त्यांच्या कोण लागता?

सकाळी 6 वाजून 52 मिनिटांनी फोन. अनोळखी नंबर. एवढ्या लवकर फोन वाजला की माझ्या मनात आधी माहेरचं, सुप्याचं येतं, आई तिथे एकटी असते, म्हणून धडपडत उचलला. पलीकडे एक पोरगेला आवाज, हिंदीत. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचं नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. अकरा वर्षांत त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा ऐकलं, ते वसुलीवाल्याच्या तोंडून.

"आप उनकी कौन लगती हैं?"

काय सांगणार? "हमारे यहाँ काम करती हैं," म्हटलं. "तो मॅडम समझाइए उनको, नहीं तो घर पे आदमी भेजेंगे." कुणाच्या घरी, त्यांच्या की माझ्या, हे विचारायच्या आत फोन बंद.

दिवसभर डोकं ठणकतंय. ऑफिसात दोन व्हाउचर उलटी टाकली, साहेबांची बोलणी खाल्ली. आता मागचं आवरून लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा, राग नाही.

वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही. हे माझं मत नाही, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये काढलेलं फर्मान आहे. कर्ज देणाऱ्या ॲपने मोबाइलमधली नंबरांची यादी उचलायची नाही, हेही त्याच वर्षीचं. कर्जाच्या अटी माणसाला समजेल अशा भाषेत एका कागदावर द्यायच्या, हे 2024 पासून. म्हणजे नियम आहेत, मान्य. चांगले आहेत, तेही मान्य. पण त्या पोराला ते कोण सांगणार? ताईंचा भाऊ चौकीत जाऊन आला. "घेतलेत ना पैसे? मग द्या की," एवढं ऐकून परत.

ताई सकाळी आल्याच नाहीत. संध्याकाळी आल्या, मान खाली घालून थेट कणीक मळायला. मी म्हटलं, बसा आधी. चहा केला. मग हळूहळू निघालं.

जूनमध्ये मुलाचा डिप्लोमाचा प्रवेश. 15,000 कमी पडत होते. शेजारच्या पोराने ॲप उघडून दिलं, आधार नि पॅनचा फोटो, दहा मिनिटांत पैसे. हातात आले 12,600. उरलेले प्रोसेसिंग फी म्हणून आधीच कापले, पण फेडायचे पूर्ण 15,000, वर व्याज. 12,600 ने फी भागली नाही म्हणून दुसरं ॲप. पहिल्याचा हप्ता आला तेव्हा तिसरं. त्याआधीपासून गटाचं कर्ज होतंच, त्याचा हप्ता 2,350. एका बाईने नाही भरला तर बाकीच्या तिच्या दारात येऊन बसतात, आणि त्या काही परक्या नसतात, रोज नळावर भेटणाऱ्याच. पाच घरी पोळ्या करून महिन्याला 14,000 मिळतात. हप्ते होतात 9,800. नवरा टेम्पोवर आहे, भाडं मिळालं तर मिळालं.

अशा छोट्या कर्जांसाठी 2022 पासून नियम आहे की घरातल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज कमाईच्या निम्म्यावर जाऊ द्यायची नाही. ही बेरीज मी चहा उकळेपर्यंत केली. कर्ज देणाऱ्या एकालाही ती करावीशी वाटली नाही?

आणि लाडक्या बहिणीचे 1,500? ते येतात, हो. खात्यात येतात आणि त्याच दिवशी हप्त्यात जातात. ताई म्हणाल्या, "मेसेज दोन येतात, आल्याचा आणि गेल्याचा." हप्त्याच्या दिवशी खातं रिकामं असलं की बाउन्स चार्ज वेगळा. पैसे नाहीत म्हणून दंड! तोही पैशातच!

आता माझा खरा राग. मी 22 वर्षं सीएच्या ऑफिसात काम करतेय. 2016 साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला तेव्हा आमच्याकडे किती गडबड होती मला आठवतंय. पुस्तकं आली, सेमिनार झाले, साहेब सूट घालून जाऊन आले. कंपनी बुडाली तर काय करायचं याची सगळी वाट त्यात आखलेली आहे, किती दिवसांत संपवायचं तेसुद्धा. निदान कागदावर 330 दिवस. कर्ज देणारे बसतात, कर्जाचा मोठा भाग सोडून देतात, त्याला हेअरकट म्हणतात. काय गोड शब्द आहे! कंपनीचं कर्ज सोडलं की हेअरकट आणि आमच्या ताईंचं थकलं की घरी आदमी.

त्याच कायद्यात साध्या माणसासाठीही एक भाग आहे. नव्याने सुरुवात करायची सोय. 2016 पासून छापलेला आहे. पण साध्या माणसाला तो अजून लागूच केलेला नाही! मोठ्या कंपन्यांना जामीन राहिलेल्यांसाठी 2019 मध्ये केला लागू, ते जमलं बरोबर. तुमच्या-माझ्यासाठी पुण्यात अजून इंग्रजांच्या वेळचा 1920 चा कायदा. आणि त्या न लागू झालेल्या सोयीच्या अटी तरी बघा. वर्षाची कमाई 60,000 च्या आत, मालमत्ता 20,000 च्या आत, कर्ज 35,000 च्या आत. महिना पाच हजार कमाई! ज्यांनी हा आकडा लिहिला त्यांनी पुण्यात कधी खोलीचं भाडं विचारलंय का? म्हणजे उद्या लागू झाली तरी ताई त्यात बसत नाहीत. पोळ्या करून जास्त कमावतात ना, श्रीमंत बाई!

जरा पाणी पिऊन आले.

माझं माहेर सुपे, बारामती तालुक्यातलं. तिथे 12 मे 1875 ला काय झालं ते सगळ्यांना माहीत असेल असं मला वाटायचं, पण ऑफिसात विचारलं तर एकालाही नव्हतं. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि पहिली मागणी होती, वह्या द्या, कर्जरोखे द्या. ते मिळाले तसे जाळले. दुकानं लुटली, घरंही पेटली, त्याचं कौतुक मी करत नाही. पण चौकशीला आयोग बसला आणि 1879 मध्ये दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, कोर्टाने नुसता रोखा बघायचा नाही, मुळात दिले किती आणि लावले किती तेही तपासायचं. चार वर्षं लागली, तीही परक्या सरकारला, तारेच्या आणि बोटीच्या जमान्यात. आमच्या 2016 च्या पानाला किती वर्षं झाली ती बोटं मोजून बघा. बेकायदा ॲपवाल्यांना बंदी घालायचा कायदा करा, असं रिझर्व्ह बँकेच्याच समितीने नोव्हेंबर 2021 मध्ये सांगितलं होतं. नुसता मसुदा यायला डिसेंबर 2024 उजाडला.

बरं, आता वह्या जाळायच्या म्हटल्या तरी जाळणार काय? ताईंची वही कुठल्या गावच्या कॉम्प्युटरात आहे ते ताईंना माहीत नाही, आणि मला तरी कुठे माहीत आहे. राज्याचा सावकारी कायदा आहे 2014 चा, पण तो बँकांना आणि नोंदणीकृत वित्तसंस्थांना लागत नाही. आणि तिसरं ॲप नोंदणीकृत आहे की नाही हे शोधण्यात माझा अर्धा तास गेला. मला इंग्रजी वाचता येतं, तरी सापडलं नाही.

आता येतील कमेंटी. लोकांना ऋण काढून सण करायची हौस आहे, हप्त्यावर आयफोन हवेत. असतील, आहेत, माझ्या भाच्याकडेच आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत. बरोबर आहे. पण अंथरुणाचंच भाडं दरवर्षी वाढत असेल तर? आणि एखाद्या पोराचा डिप्लोमा म्हणजे सण आहे का? बारा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स माफ झाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, मीही ठेवला होता. ताईंना त्याचा काय उपयोग? रिझर्व्ह बँकेच्याच अहवालात आहे, डिसेंबर 2024 ला देशातल्या घरांवरचं कर्ज जीडीपीच्या 41.9 टक्के. दुसऱ्या देशांपेक्षा कमी आहे म्हणे. असेल. ताईंना सांगते उद्या, दुसऱ्या देशांपेक्षा कमी आहे, तुम्ही निवांत राहा.

एक गोष्ट वर लिहिली नाही. लिहायची नव्हतीच, पण आता इतकं लिहिलंय तर.

जूनमध्ये ताई आधी माझ्याकडेच आल्या होत्या. ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, 20,000 उचल द्याल का, पगारातून कापा. माझ्याकडे होते. गणपतीच्या आधी सोफ्याची कापडं बदलायची म्हणून बाजूला ठेवलेले. मी 5,000 दिले आणि वर पंधरा मिनिटं भाषण दिलं. थोडं थोडं बाजूला टाकत जा, पोस्टात आरडी काढा, वगैरे. त्या "हो ताई, हो ताई" करत होत्या. ते 5,000 ऑगस्टपर्यंत फिटलेसुद्धा. मी कापून घेतले.

सोफ्याची कापडं छान आहेत.

आज चहा पिताना मी विचारलं, रेफरन्सला माझा नंबर का दिलात. रागाने नाही, खरंच विचारलं. म्हणाल्या, "दोन नंबर मागत होतं. एक भावाचा दिला. दुसरा कुणाचा देणार?"

मग उठल्या आणि पोळ्या लाटायला घेतल्या. पिशवीतला फोन वाजला. घड्याळात बघितलं, 7 वाजून 40. त्यांनी हात पुसले नाहीत, उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी पिशवीतून काढून उचलला. सकाळचाच आवाज. पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, ते नंतर सांगते, आधी तुमच्या साहेबांचं नाव आणि ऑफिसचा पत्ता सांगा, मराठीत. फोन बंद झाला. ताई हसल्या, मग म्हणाल्या, "आता उद्या घरी येतील."

ता. क. मेसेंजरवर पैसे पाठवतो, नंबर द्या म्हणणाऱ्यांनो, मी ताईंना विचारलं. नको म्हणाल्या. शनिवारी मी त्यांच्याबरोबर गटाच्या मीटिंगला जातेय. या तीन ॲपच्या कागदांवर नजर टाकेल असा वकील कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा, सिंहगड रस्त्याच्या जवळपासचा असेल तर बरं.