बऱ्या झालेल्यांना फ्लॅट द्यायचा का?

वाद नान्याने पेटवला. त्याच्या सोसायटीत एक संस्था फ्लॅट भाड्याने मागतेय, मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या चौघींसाठी. "बऱ्या झाल्यात ना? मग आपापल्या घरी जाऊ देत की!"

सुषमा समाजसेवा अधीक्षक होती, असल्यांच्या घरचे पत्ते शोधण्यातच तिची सगळी नोकरी खर्ची पडली. "कुठल्या घरी? आईवडील गेले, भावाने घर विकलं. पत्र टाकलं तर परत येतं. फोन लागलाच तर वहिनी म्हणते, राँग नंबर."

"मग राहू देत तिथेच. जेवणखाण फुकट आहे."

"नाही ठेवता येत," आमचा वकील अव्या म्हणाला. "२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, कलम १९. घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्यावर कुणाला डांबून ठेवायचं नाही. आणि बाहेर काढायचं म्हणून कुठेही ढकलायचंही नाही. बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहात, वृद्धाश्रमात हलवतात म्हणून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्याच महाराष्ट्र सरकारचे कान उपटले."

"रात्री गॅस चालू राहिला तर?" (हे विचारणाऱ्याच्या घरी गेल्या दिवाळीत अख्खी कढई पेटली होती. असो.)

"सोबत मदतनीस बाई असते रे," सुषमा म्हणाली. "चेन्नईची 'द बॅनियन' ही संस्था २०१५ पासून हेच करतेय. साध्या वस्तीत भाड्याचं घर, चार-पाच जणी, बाजारहाट त्यांचा, भांडणंही त्यांचीच."

मग मात्र नान्याने नेमकं बोट ठेवलं. "आणि गोळ्या बंद केल्या तर?"

इथे सुषमाही थोडी नरमली. गाडं अडतं ते इथेच, म्हणाली. महिन्याच्या गोळ्यांसाठी सिव्हिलची रांग, त्यात दिवसाचा रोज बुडतो. बरं वाटलं की माणूस गोळी सोडतो, आणि विचारायला दारात कुणी येत नाही. इटलीने १९७८ मध्ये कायदा करून मनोरुग्णालयं मोडीत काढायला घेतली. तिथल्या त्रिएस्त शहरात वस्तीवस्तीत मानसिक आरोग्य केंद्रं होती म्हणून निभावलं. जिथे ती वेळेवर उभी राहिली नाहीत तिथे सगळा भार घरच्यांवर पडला. मला विचाराल तर आपल्याकडे कायदा आला, केंद्रं यायची आहेत. तोवर एखाद्या संस्थेने मागितलेला फ्लॅट हाच काय तो आधार.

"बघ, रविवारी सोसायटीची मीटिंग आहे," नान्या सुषमाला म्हणाला. "तू येऊन सांग सगळ्यांना."

"मी कशाला? त्या चौघींनाच बोलाव."

"मीटिंगला?"

"मग? भाडेकरू त्या आहेत."