‘सक्रिय सदस्य’ कसा निवडावा

इंदूरच्या एखाद्या मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तुमच्या हाती असेल, तर वर्षअखेरीस ‘सक्रिय सदस्य’ निवडणं आलंच. आमच्या ग्रुपचा सोहळा गेल्याच रविवारी शाल-श्रीफळासह पार पडला. तिथे जे शिकायला मिळालं, ते तुमच्या सेवेशी सादर.

निकष आधी जाहीर करू नका. नाव ठरलं की निकष आपोआप सुचतात.

अध्यक्षांच्या मेहुण्याला विसरू नका. हॉल त्याच्याच ओळखीने मिळतो.

बायकांची नावं आलीच, तर हळदीकुंकवाला एखादं उत्तेजनार्थ देऊन टाका.

आणि मुख्य म्हणजे, मेसेज मोजा. आमच्या विजेत्यांचं गुलाबाचं फूल पहाटे साडेपाचला हजर असतं. दोन बाणांचे, म्हणजे पाच-पाच ठिकाणी फिरून आलेले मेसेज 2020 पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतात; हे गृहस्थ तरीही नेमाने एकेक ग्रुप उघडून पाठवतात. केवढी ही तपश्चर्या! ‘बी निगेटिव्ह रक्त हवे, एम. वाय. हॉस्पिटल’ हाही त्यांनीच टाकला. आठवड्यानंतर. पेशंट घरी बसून पोहे खात होता आणि त्याच्या भावाचा फोन रात्रभर वाजत होता. व्यासपीठावर याला ‘सामाजिक जाणीव’ म्हणाले!

खरं तर ते रक्त पहिल्याच रात्री मिळालं होतं. ग्रुपमधल्या एका काकूंनी मिळवून दिलं होतं. अकरा वाजता त्यांचा मेसेज: दोन नावं, दोन नंबर. तासाभराने दुसरा: ‘मिळालं. आता कुणी फोन करू नका.’ कुणी शेवटचं रक्त कधी दिलं, हे सगळं त्यांच्या वहीत असतं, कारण पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने थांबावं लागतं. नुकतंच रक्त दिलेल्या माणसाला त्या फोन करत नाहीत. अशा बाईचे वर्षाकाठी मेसेज होणार किती?

अहो, मोजायचंच होतं तर कुणामुळे कुणाचं काम झालं ते मोजायचं होतं! ‘तुम्हाला या ग्रुपमध्ये कुणाची मदत झाली?’ एवढं एक वाक्य टाकायला काय पैसे पडत होते? विचारलं नाहीत, कारण उत्तर तुम्हाला ठाऊक होतं आणि शाल आधीच मेहुण्याच्या मित्राच्या मापाची आणली होती. आणि काकूंना काय दिलंत? दारात उभं राहून पाहुण्यांना अत्तर लावायचं काम! लाजा कशा वाटत नाहीत?