डिझेलच्या गाडीला स्पार्क प्लग?

म्हापशाच्या ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी गेली पाच वर्षे माझी डिझेल एसयूव्ही निमूटपणे नेत आलो, तिथल्या सल्लागाराने यंदाच्या एस्टिमेटमध्ये चक्क स्पार्क प्लग बदलण्याचा खर्च लिहिला आणि माझा संयम संपला. डिझेल इंजिनात इंधन पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने, प्लगच्या ठिणगीने नव्हे. तिथे स्पार्क प्लग बसवणार तरी कुठे, माझ्या डोक्यात? उद्या शेजाऱ्यांच्या इलेक्ट्रिक गाडीच्या यादीत इंजिन ऑइल दिसले, तरी मला नवल वाटणार नाही. आणि जे खरोखर करायचे असते, त्याचे काय? चार महिन्यांच्या पावसानंतर डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढले का, खाऱ्या वाऱ्याने खालच्या पत्र्यावर गंज चढला आहे का, म्हापसा ते पणजी एवढ्याच छोट्या फेऱ्या मारून डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबला आहे का, असे विचारले की हे महाशय ‘सगळे चेक केले, सर’ एवढेच पुटपुटतात. भाचीच्या सीएनजी गाडीच्या टाकीची दर 3 वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, तर त्यांच्या गावीही नव्हती. इंजिन फ्लशिंग आणि एसीचे निर्जंतुकीकरण मात्र, पेट्रोल असो वा डिझेल, प्रत्येक बिलात न चुकता हजर. आणि भर पावसाळ्यात गाडी परत मिळते, तेव्हा वायपरचे रबर तेच, जुने, फाटलेले!