दशपर्णीने डाऊनी जात नाही

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांत हा संदेश फिरू लागतो: "दशपर्णी अर्क फवारा. डाऊनी, भुरी, करपा सगळं जातं. नैसर्गिक आहे, अपाय शून्य. बुरशीनाशकं म्हणजे कंपन्यांचा धंदा." दशपर्णी म्हणजे दहा झाडांचा पाला शेण-गोमूत्रात सडवून केलेला अर्क. डाऊनी, भुरी, करपा हे द्राक्षवेलीवरचे रोग. माझ्या बांधावरही दशपर्णीचा ड्रम आहे. तरीही हे लिहावं लागतंय.

'सगळं जातं' हेच सर्वांत घातक. भुरी पानाच्या वरच्या वर पसरते. तिच्यावर निंबोळी तेलाचा थर नीट बसला तर ती दबते. डाऊनीचं तसं नाही. शास्त्राच्या हिशेबाने ती खरी बुरशीसुद्धा नाही. ओल्या पानावर तिचे बीजाणू अक्षरशः पोहतात, पर्णरंध्रातून आत शिरतात. तेलकट डाग दिसतो तोवर तिने पानाच्या आत ठाण मांडलेलं असतं. वरून मारलेला अर्क तिथे पोचणार कसा? पोंग्यापासून, म्हणजे नवी फूट निघाल्यापासून, फुलोऱ्यापर्यंत पाऊस लागला तर घडच जातात. अशा वेळी कुणाला "नुसत्या अर्कावर राहा" सांगणं म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या कर्जाशी खेळणं.

"आम्हाला रिझल्ट आला." आला असेल. पण त्याच आठवड्यात ऊन पडलं होतं का? दोन ओळी बिनफवारणीच्या ठेवल्या होत्या का? त्याशिवाय श्रेय अर्काचं की उन्हाचं, हे कळत नाही. शिवाय प्रत्येकाचा ड्रम वेगळा. पाला वेगळा, सडवण्याचे दिवस वेगळे. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन तर मुख्यतः किडींवर चालतं आणि उन्हात लवकर निकामी होतं.

अपाय शून्य? या अर्कात धोतरा आणि कण्हेरही घालतात. दोन्ही विषारी. ड्रम उघडा ठेवू नका, घरात लेकरं असतात. आणि शेण-गोमूत्रात आंबवलेलं पाणी काढणीच्या तोंडावर मण्यांवर मारू नका. द्राक्ष कुणी सोलून खात नाही.

राहिला कंपन्यांचा धंदा. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने डाऊनीवरच पुढे आणलं. मोरचूद आणि चुना, घरी कालवता येतं. भुरीवरचं गंधक त्याहून जुनं. सेंद्रिय शेतीतही दोन्ही नियमांत राहून चालतात. उलट वनस्पतीजन्य बुरशीनाशकं कंपन्याही विकतात. त्यांतली काही झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागवतात, म्हणून ती रोग येण्याआधी मारायची असतात, डाग दिसल्यावर नाही.

माझा ड्रम मी किडींसाठी, कोरड्या हवेत वापरतो. आभाळ भरून आलं की त्याला झाकण लावतो आणि पानं उलटून बघत ओळीओळीने फिरतो.