दहा मिनिटांत कळणारा ‘क्लास’

परवा संध्याकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ताईने एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘तंतोतंत पटलं.’ ताई म्हणजे माझी मावसबहीण. गोव्यात, म्हापशात तिचा दातांचा दवाखाना आहे. तो मजकूर तुमच्याकडे आला असेल, नसेल तर येईल. मथळा असा: ‘क्लास विकत घेता येत नाही, तो रक्तात असावा लागतो.’ खाली आठ खुणा. क्लास असलेल्या माणसाच्या चपला-बूट स्वच्छ असतात. तो हळू बोलतो. बाजारात घासाघीस करत नाही. काटा-चमचा सहज वापरतो. त्याची भाषा शुद्ध आणि इंग्रजी सफाईदार असतं. वेटरशी नम्रपणे वागतो. पैशाविषयी बोलत नाही. आणि त्याच्यामागे किमान तीन पिढ्यांचे संस्कार असतात. शेवटी शिक्कामोर्तब: ‘मानसशास्त्राने सिद्ध केलंय, पहिली दहा मिनिटं पुरतात.’

एरवी मी असलं काही अर्धंही वाचत नाही. पण आदल्याच दिवशी ताईने रिसेप्शनच्या कामासाठी आलेल्या एका मुलीला परत पाठवलं होतं. सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पलीकडच्या गावातली, बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, दोन कदंब बस बदलून वेळेवर पोचलेली मुलगी. रात्री फोनवर ताई म्हणाली, “हुशार आसा गो, पूण क्लास ना.” निकाल आधी लागला आणि कायद्याचं पुस्तक दुसऱ्या दिवशी सापडलं, असा हा प्रकार. म्हणून बसले लिहायला.

किरकोळ खुणा आधी उरकते. चपला: मुलीने त्या दवाखान्याच्या दाराबाहेर काढल्या होत्या, पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. जुलैचा पाऊस, सत्तरीतली लाल माती. हळू आवाज: ज्याला शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी लागते, किंवा बाजारात टोपली घेऊन बसावं लागतं, त्याचा गळा मोठाच होणार. उलट इस्त्रीचे कपडे घालून माणसं किती मोठ्याने ओरडू शकतात, ते पर्वरीत विधानसभेचं अधिवेशन चालू असताना ऐकावं.

घासाघीस? ताई, तू गेल्या शुक्रवारी सुंगटांवरून, म्हणजे कोळंबीवरून, त्या मासेवाल्या बाईशी किती वेळ घातलास, ते मी शेजारी उभी राहून बघितलंय. इसवणीचा, म्हणजे महागड्या सुरमईचा, भाव पाडणारे लोक बहुतेक गाडीतूनच उतरतात. स्वस्तातले तारले घेणारा पैसे मोजूनच आलेला असतो. काटा-चमच्याबद्दल तर बोलूच नये. आमच्याकडे काटा ताटात माशाबरोबरच येतो आणि तो बोटांनीच काढावा लागतो.

वेटरची खूण मात्र मान्य. हाताखालच्या माणसाशी कोण कसं वागतो, यावरून त्याच्याबद्दल बरंच कळतं, हे खरंच. फक्त तो चांगुलपणा झाला. तो बसच्या कंडक्टरमध्येही असतो आणि बंगल्यात नसतोही. शिवाय त्या वाक्यात वाचणारा नेहमी खुर्चीवर बसलेला आहे, हे लक्षात घ्या. ट्रे घेऊन उभा असलेल्याला क्लास असतो की नाही, हा प्रश्न फॉरवर्ड लिहिणाऱ्याला पडलेलाच नाही.

आणि पैशाविषयी न बोलणं! मुलीने पगार किती, असं विचारलं, हेही ताईला खटकलं होतं. वाळपईहून रोज यायचं-जायचं बसभाडं वजा करून हातात काय उरतं, ते तिने विचारायचं नाही तर कोणी? ज्याचं भागतं त्यालाच पैशाबद्दल गप्प राहणं परवडतं.

ज्यांचं पोटच लोकांचे वर्ग ठरवण्यावर चालतं ते काय बघतात, तेही सांगते. आपल्या देशातल्या जाहिरातवाल्यांनी आणि बाजार-संशोधकांनी २०११ मध्ये कुटुंबांची एक वर्गवारी स्वीकारली. ए-१ पासून ई-३ पर्यंत बारा पायऱ्या, आणि प्रश्न दोनच. घरातल्या मुख्य मिळवत्या माणसाचं शिक्षण किती, आणि ठरलेल्या अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, फ्रीज, दुचाकी, गाडी, शेतजमीन वगैरे. आवाजाची पट्टी त्या यादीत नाही, चमचाही नाही. त्यांना माल विकायचा असतो, त्यामुळे त्यांना संस्कारांची भुरळ पडत नाही.

आता ‘मानसशास्त्राने सिद्ध केलंय’. इथे मला नाइलाजाने अर्धी गोष्ट कबूल करावी लागते. असं संशोधन आहे, आणि ते ताईच्या बाजूने सुरू होऊन भलतीकडेच जातं. तेव्हा येल विद्यापीठात असलेले मायकेल क्रॉस आणि त्यांचे सहकारी यांचा तो अभ्यास २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. एखाद्याच्या तोंडचे नुसते सात सुटे शब्द ऐकूनही लोक त्याच्या वर्गाबद्दल जो अंदाज करतात, तो निव्वळ नशिबाने बरोबर यावा त्याहून अधिक वेळा बरोबर येतो, असं त्यांना दिसलं. तेव्हा दहा मिनिटंसुद्धा जास्तच झाली म्हणायची.

पण फॉरवर्ड जिथे थांबतो तिथून अभ्यास पुढे जातो. प्रयोगशाळेतल्या एका साध्या नोकरीसाठी वेगवेगळ्या आर्थिक थरांतले २० उमेदवार घेतले. मुलाखतीआधी त्यांनी स्वतःबद्दल जे थोडंसं सांगितलं, ते ध्वनिमुद्रित केलं. नोकरभरतीचा अनुभव असलेल्या २७४ जणांपैकी काहींना ते ऐकवलं, काहींना त्याचा लिहिलेला मजकूर वाचायला दिला. वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांना वर्ग जास्त अचूक ओळखता आला. आणि उमेदवारांची पात्रता समोर नसतानाही, वरच्या थरातल्यांना जास्त लायक आणि कामाला जास्त योग्य ठरवलं गेलं. त्यांना पगारही जास्त देऊ केला.

म्हणजे कानाला एवढंच कळलं होतं की माणूस कुठल्या घरात वाढला. मनाने त्याचा अर्थ लावला, माणूस काय करू शकतो. ताई, तुझ्या दवाखान्यात त्या दिवशी हेच घडलं. अभ्यास अमेरिकेतला आहे, पण ‘मॅडम, मी येऊ काय?’ हे वाक्य ऐकल्यावर तुझा चेहरा जसा झाला असेल, तो मला इथे बसून दिसतो.

‘शुद्ध भाषा’ हीच खूण मला सगळ्यांत जास्त लागली. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतांश मराठी. गावच्या मुलांनी तिथेच जायचं, ऐपतवाल्यांनी आपल्या मुलांना इंग्रजीत घालायचं, आणि वीस वर्षांनी दोघांना एकाच टेबलासमोर उभं करून विचारायचं, तुझं इंग्रजी असं कसं? त्या मुलीची कोंकणी सत्तरीची, म्हापशाकडच्या बार्देसची नाही. मराठी स्वच्छ. इंग्रजी अडखळतं, पण बिल आणि अपॉइंटमेंट यांच्यापुरतं पुरेसं. ताईचे निम्मे पेशंट खेड्यांतून येतात, दाढ ठणकत असते, आणि समोरून कोणी फाडफाड इंग्रजीत विचारलं की ते गप्प होतात. त्यांच्याशी नीट बोलू शकणारी मुलगी दारातून परत गेली.

राहिल्या तीन पिढ्या. ताई, तुझी आणि माझी तिसरी पिढी मागे मोजली की आजोबा येतात. आपले आजोबा मुंडकार होते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर घर, त्याच्या माडांची राखण, आणि बोलावलं की जायचं. आजी सांगायची, भाटकाराच्या घरी त्यांना मागच्या दारी करटीतून, म्हणजे नारळाच्या कवटीतून, चहा मिळायचा, कपातून नाही. त्या घरातले लोक हळू बोलायचे, पैशाविषयी चकार शब्द काढायचे नाहीत, काटा-चमचाही असणारच. आठपैकी निदान पाच खुणा तिथे पक्क्या. आपल्याकडे एकही नव्हती.

मग बदललं काय? रक्त तर तेच. १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांचंच उदाहरण बघ. खाणमालक, म्हणजे पैसा मुबलक. पण जन्म गोमंतक मराठा समाजातला, पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या सेवेला जुंपलेल्या लोकांमधला. पैशाच्या वहीत वरचं पान, प्रतिष्ठेच्या वहीत खालचं. मॅक्स वेबर या जर्मन अभ्यासकाने वर्ग आणि दर्जा वेगळे मोजा म्हणून सांगितलं होतं, ते अशाच माणसांसाठी. फॉरवर्डमध्ये दोन्ही एकाच डब्यात कोंबलेत. भाऊंना निवडून देणारे बहुसंख्य लोक कुळं आणि मुंडकार होते, ‘क्लास’वाले नव्हेत. १९६४ मध्ये कूळकायदा आला. भाऊंनंतर शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, १९७५ मध्ये, मुंडकार कायदा आला. त्यानंतर आजोबांना कोणी ऊठ म्हणू शकलं नाही आणि पुढे घर विकत घेता आलं. गावात मराठी शाळा निघाली ती भाऊंच्या काळात. माझी आई आणि तुझी आई तिथेच शिकल्या. त्या शाळेमुळे मावशी शिक्षिका झाली, मावशीमुळे तू डॉक्टर. आणि तसल्याच शाळेतून आलेली मुलगी तुझ्या दारात उभी राहिली तेव्हा तुला तिच्यात क्लास दिसला नाही.

मी धुतल्या तांदळासारखी आहे असं नाही. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचा कप वेगळा होता, खिडकीत पालथा घातलेला. करटीची गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो रोज दिसत होता. माझ्या मुलीने एकदा ‘हा कोणाचा?’ म्हणून विचारलं, तेव्हा कुठे तो इतर कपांत गेला. त्यालाही फार वर्षं झालेली नाहीत.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दोन काकांनी नमस्काराचे हात पाठवले, एका भाचीने हसरा चेहरा. ताईने वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. जागा अजून रिकामी आहे, हे मावशीकडून कळलं. मुलीचा अर्ज ताईच्या टेबलावरच असेल, त्यावर फोन नंबर आहे. पहिल्या आठवड्याचं बसभाडं आगाऊ द्यायचं, एवढंच सांगायला दहा मिनिटंही लागणार नाहीत.